नमुन्याबरहुकूम

परदेशातून नमुन्याचा कपडा मागवला तर तो हातात यायच्या आधी बिघडवावा लागतो, असं मी कोणाला सांगितलं की त्याला ती थापच वाटायची. माझ्या आईला तर ते सरळसरळ पाप वाटायचं. "धडधाकट कपड्याले कैची लावता? काहून?" असं ती विचारायची आणि मी रोज हिंगण्याला जाऊन भलतेच धंदे करते अशा नजरेनं माझ्याकडे बघायची.

नियम तसा साधा होता. बाहेरून आलेल्या तयार कपड्यावर जबर जकात लागे. नमुना म्हणून आलेला एखाददुसरा कपडा मात्र जकातीशिवाय सुटे, पण तो पुन्हा कोणाला विकता येता कामा नये, ही अट. म्हणजे त्याला भोक पाडायचं, नाहीतर कापायचं, शिवाय न धुतली जाणारी शाई लावून ठसा मारायचा, आणि हे सगळं कस्टमच्या साहेबांच्या डोळ्यांसमोर. मी ऐंशी सालच्या आसपास हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या तयार कपड्यांच्या कारखान्यात कागदपत्रं सांभाळायची. त्यामुळे कैची घेऊन सिव्हिल लाइन्सच्या कस्टम कचेरीत जायचं काम माझंच. पर्समध्ये कंगवा, बसचा पास, सुईदोरा आणि शिंपीकामाची कैची. कॉलेजातल्या मैत्रिणी बँकेत लागल्या होत्या. त्या भेटल्या की मी पर्स उघडत नसे.

आमचे मालक इतवारीतले कापडाचे ठोक व्यापारी. कापड विकणं त्यांच्या रक्तात होतं, कपडे शिवून बाहेरदेशी पाठवायचं खूळ मात्र नवं. इंग्रजीचं त्यांना भारी वावडं. आलेलं पत्र मी वाचून अर्थ सांगायचा आणि त्यांनी डोळे मिटून ऐकायचं, असा रिवाज पडला होता. त्या खोलीत इंग्रजी येणारी मी एकटीच. याचा मला किती ताठा होता, हे आता लिहिताना लाज वाटते.

कामाची पद्धत अशी होती. तिकडचा खरेदीदार एक कपडा पाठवायचा. आमच्याकडे तो उलटापालटा करून, मापं घेऊन, हुबेहूब तसाच दुसरा शिवायचा आणि तिकडे पाठवायचा. त्यांना पसंत पडला की ऑर्डर. हे हुबेहूब शिवणारा माणूस म्हणजे कटिंग मास्तर. आमचा मास्तर तिशीचा होता. आधी दहा वर्षं इतवारीत एका दुकानाच्या ओट्यावर मशीन टाकून बसलेला. छप्पन साली बापाच्या खांद्यावर बसून दीक्षेच्या मैदानावर गेलो होतो, असं तो सांगायचा. गर्दीबिर्दी काही आठवत नव्हती त्याला. बापाचे दोन्ही कान घट्ट धरून बसलो होतो, एवढंच आठवत होतं. इंग्रजी त्याला येत नव्हतं. पण कपडा एकदा हातात घेऊन उजेडाकडे धरला की तो कोणत्या क्रमानं शिवला असेल हे तो घडाघडा सांगायचा.

मालकांनी त्याला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. हजेरीपटावर मी त्याच्या नावापुढे 'शिलाई कामगार, हंगामी' असं टाइप करायची. पहिला मोठा नमुना पास झाला की 'कटिंग मास्तर, कायम' लिहायचं, असं ठरलेलं. त्याच्या मुलीचं नाव शाळेत घालायचं होतं. फॉर्मवर बापाच्या धंद्याची रेघ असते. ती भरायला तो थांबला होता. "घाई काय हाये जी, दोन महिन्यांत लिहूच," असं म्हणायचा.

त्याचं माझ्याशी एकच भांडण होतं. मी कस्टममध्ये पाठीवर रुपयाएवढं भोक पाडून आणायची. "बाई, तुमी नेमकं पाठीतच भोक पाडता. मंग मले पाठीचा जोड समजतच नाही. दुसरीकडं कुठं पाडत जा ना." मी म्हणायची, "मास्तर, नियम आहे." नियमात पाठीचं नाव कुठेच नव्हतं. आधीच्या कारकुनानं पाठीत पाडलं म्हणून मीही पाठीतच पाडत होते.

मग तो मोठा नमुना आला. बायकांचा सैल, लांब सदरा, इतक्या तलम सुती कापडाचा की हातातून निसटत होता. पाठीला बारीक चुण्या. इथे भोक पाडलं तर मास्तर मेलाच, हे मलाही दिसत होतं. म्हणून मी पहिल्यांदाच कस्टमच्या साहेबांना विनंती केली, पाठ सोडून दुसरीकडे कापू द्या. साहेब निवृत्तीला आलेले, सुपारी कातरत बसलेले असायचे. म्हणाले, "पोरी, माल विकण्याजोगा नाही राहिला म्हणजे झालं. कुठं कापतेस ते तुझं तू बघ." मी डाव्या बाजूला, शिवणीच्या अगदी कडेनं, खालून वर वीतभर सरळ चीर दिली. त्यांनी कॉलरच्या आतून शाईचा ठसा मारला, मी सही केली आणि निघाले.

बसमध्ये बसून पाहते तर चिरीच्या कडांचे दोरे सुटायला लागलेले. तलम कापड, हिंगण्यापर्यंत हलत जाणार, आणखी उसवणार. आमच्या आईनं आम्हा बहिणींना उघडी कड बघवूच नये असं वाढवलेलं. फडकं फाडलं तरी त्याला दुमड घालायची. मी पर्समधला सुईदोरा काढला आणि दोन्ही कडा बारीक दुमडून हेमिंग करून टाकली. वाडीचा थांबा गेला तरी मान वर केली नव्हती. चीर मुळातलीच वाटावी इतकं चांगलं झालं होतं काम. मी स्वतःवर खूष होते.

मास्तर त्या दिवशी रजेवर होता, मुलगी आजारी होती. मी सदरा कपाटात ठेवला. उद्या सांगू, ही चीर माझी आहे म्हणून. दुसऱ्या दिवशी मालकांनी भलत्याच कागदांवरून डोक्यावर मिरे वाटले आणि ते राहून गेलं. तिसऱ्या दिवशी सदरा कपाटातून कोणीतरी त्याच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यानंतर दहा-बारा दिवस मी त्या सदऱ्याचा विचारही केला नाही.

एका दुपारी मी कस्टमचा एक कागद टाइप करत होते. मास्तर दारात येऊन उभा राहिला. "बाई, त्या सदऱ्याले बाजूनं चीर हाये. एकाच बाजूले हाये, दुसरीकडं नाही. असंच करायचं का? पत्रात काय लिहून हाये?"

मी मानसुद्धा वळवली नाही. त्या कागदात एक आकडा चुकला की सगळं पुन्हा टाइप करावं लागे, आणि माझ्या नाकावर राग कायम बसलेला. म्हटलं, "पत्रात लिहिलंय नमुन्याबरहुकूम. जसं आहे तसंच करा मास्तर. आपलं डोकं लावू नका."

"नाही, एकाच बाजूले कसं, म्हणून पुसलं..."

"त्यांची फॅशन आहे ती. तुम्हाला काय करायचंय?"

तो गेला. माझा हात मशीनवर चालू राहिला. एकाच बाजूला चीर, हे शब्द माझ्या कानावरून गेले आणि डोक्यात शिरलेच नाहीत. मीच कापलेली, मीच शिवलेली. आजही मला याचं नवल वाटतं आणि नवलाच्या मागोमाग स्वतःची चीड येते.

त्यानं शिवलेला सदरा मी पार्सल करताना पाहिला. घडी केलेला पाहिला, उलगडला नाही. पुढे दीड महिन्यानं तो परत आला, सोबत पत्र. तेव्हा उलगडला. त्यानं माझ्या साध्या हेमिंगची लाज राखली होती. चिरीला आतून त्याच कापडाची पट्टी लावून, वरच्या टोकाला तीन टाक्यांचा इवलासा अडसर घातला होता, म्हणजे घालणारीनं वाकलं तरी फाटू नये. इतकं सुरेख काम मी तोवर पाहिलं नव्हतं. आणि ते पाहतानाच मला सगळं लख्ख आठवलं. बस, सुई, आणि दारात उभा असलेला मास्तर.

मालकांसमोर मी पत्र वाचलं. पहिलंच वाक्य होतं, डाव्या बाजूची शिवण उघडी का ठेवली आहे ते कळत नाही, नमुना या स्वरूपात नापसंत. मी अर्थ सांगितला आणि मालकांनी पुढचं ऐकूनच घेतलं नाही. "बुलाव उसको!"

मास्तर आला. सदरा टेबलावर पसरलेला. मालक म्हणाले, "ये क्या किया? किसने बोला चीर रखने को?"

मास्तरनं माझ्याकडे पाहिलं. आरोप नव्हता त्या नजरेत. ज्याला माहीत आहे त्यानं सांगावं, एवढंच होतं. मी पत्राची घडी घालू लागले, तसा तो म्हणाला, "मी बाईले पुसलं होतं, साहेब. त्या म्हणाल्या जसं हाये तसं करा."

मालक माझ्याकडे वळले. घरात कमावती मी एकटी होते, धाकटीचं लग्न व्हायचं होतं. हे कारण मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. त्या क्षणी मात्र यातलं काहीच माझ्या मनात नव्हतं. मनात एवढंच होतं की मी, कागदात कधी न चुकणारी, चुकले हे या माणसासमोर दिसता कामा नये.

"मला तसं काही आठवत नाही," मी म्हणाले.

बस, तेवढ्यावर निकाल लागला. मालकांना शंकासुद्धा आली नाही. बाहेर मशीनवरच्या बायांनाही आली नाही. एकजण तर मला येऊन म्हणाली, "जाऊ द्या वं ताई, त्यायच्यात असंच असते, जमत नाही तं दुसऱ्यावर ढकलतात." 'त्यायच्यात' म्हणजे कोणाच्यात, हे तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. माझं खोटं इतक्या सहज का पचलं, हे मला त्या एका शब्दात कळलं होतं. कळूनही मी गप्प राहिले. खोटं बोलले तो एक क्षण होता. गप्प राहिले ते दिवस मोजता येणार नाहीत.

मास्तरला शनिवारपर्यंत हिशोब करून जायला सांगितलं. मी माझ्या टेबलावर आले आणि पत्र फाईलला लावण्याआधी उरलेलं वाचलं. दुसऱ्या पानावर, सहीच्या वर दोन ओळी होत्या. शिलाईचं काम आम्ही या हंगामात पाहिलेल्या सर्व नमुन्यांत उत्तम आहे. बाजू बंद करून दुसरा नमुना कृपया त्याच हाताकडून शिवून घ्यावा.

मालकांची खोली दहा पावलांवर होती. मी उठले, दारापर्यंत गेले. आत जाऊन हे वाचलं की मालक विचारणार, मग मघाशी का नाही वाचलं? मग मास्तरला पुन्हा बोलावणार, तो पुन्हा तेच सांगणार, आणि दुसऱ्यांदा 'आठवत नाही' म्हणायची माझी छाती नव्हती. मी परत फिरले. पुढे दुसरा नमुना दुसऱ्याच शिंप्यानं शिवला, बरा शिवला, ऑर्डर मिळाली. मालकांनी पेढे वाटले, मीही खाल्ला.

पण त्याआधी, त्या शनिवारी, मास्तर स्वतःची कैची आणि मापपट्टी न्यायला आला. ती त्यानं कापडात गुंडाळली. मग माझ्या टेबलापाशी येऊन थांबला. मला वाटलं, आता हा बोलणार. बोलावं असंही वाटलं, खरं सांगते. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर कदाचित माझ्या तोंडचं कुलूप निघालं असतं.

"बाई, एक पुसू का?"

"विचारा."

"त्या चिरीचं जाऊ द्या, ते तं झालंच. पण तिकडच्यायनं शिलाईबद्दल काही लिहिलं होतं का? टाके कसे वाटले, असं काही?"

फाईल माझ्या कोपराखाली होती. पत्र सगळ्यात वरचं होतं. नोकरी जाण्याचा आता प्रश्न नव्हता, तो मालकांना काही सांगायला जाणार नव्हता. दोन ओळी वाचून दाखवायच्या होत्या, मराठीत, एका माणसाला.

"नाही मास्तर," मी म्हणाले. "शिलाईबद्दल काही नाही."

त्यानं मान हलवली. "बरं. मले वाटलं, चांगली झाली होती," असं म्हणाला आणि गुंडाळी काखेत मारून बसच्या रस्त्याला लागला.