वळूसाठी काढलेले तीनशे मिली

अकरा जानेवारी, रविवार. रक्कम चारशे ऐंशी रुपये. हजर: मी, माझी बायको आणि देवणीजवळच्या आमच्या गावाहून लातूरला आलेला माझा थोरला भाऊ.

वाळवीने मागच्या दाराची चौकट खायला घेतली होती. वाळवीवाल्याने साडेचार हजार सांगितले, म्हणून मी कृषी सेवा केंद्रातून चारशे ऐंशीला लिटरभर कीटकनाशक आणलं. तपकिरी, पातळ, रॉकेलसारख्या वासाचं. पाण्यात पडलं की दुधासारखं पांढरं होणारं. बाटलीवर पिवळा त्रिकोण, म्हणजे लालच्या खालोखाल विषारी. लेबलवरचं प्रमाण मी चष्मा लावून दोनदा वाचलं: लिटरभर औषधाला एकोणीस लिटर पाणी. बाकीचा मजकूर आकड्यांचा नव्हता, तो नुसता चाळला.

दादा आला होता जनावरांच्या खुराकासाठी तुरीची चुनी न्यायला. त्याचा देवणी वळू पंधरा दिवसांनी जनावरांच्या प्रदर्शनात उभा राहायचा होता. वर्षभर दादाने त्याला पोटच्या पोरासारखं सांभाळलं होतं.

बाटली बघून दादा म्हणाला, "ह्यातलं तीनशे मिली मला दे. वळूला गोचीड लई झालेत. अशा अंगानं त्याला प्रदर्शनात कसं न्यायचं?"

मी लगेच हिशेब केला. त्याचा हिस्सा एकशे चव्वेचाळीस रुपये. त्याने दीडशे दिले, मी सहा परत केले. बायकोने स्वयंपाकघरातलं माप द्यायला साफ नकार दिला, म्हणून बाटलीच्या टोपणाने मोजून तीनशे मिली लिंबू सरबताच्या रिकाम्या बाटलीत काढलं. तिच्यावर कागद चिकटवून स्वच्छ अक्षरात लिहिलं: '३०० मिली, रु. १४४, दादाचा हिस्सा, ११ जानेवारी.' मला तो कागद फार आवडला. बाटली दादाच्या पिशवीत धपाट्यांच्या डब्याशेजारी ठेवली आणि दादा तंबाखू मळायला बसला.

बायको डब्यात लोणचं घालायला गेली आणि बाटली घेऊनच बाहेर आली.

"सरबत द्यायलात का दादांना?"

"लेबल वाच की."

"वाचलं. किंमत हाय, तारीख हाय, कुणाचं तेबी हाय. इख हाय, एवढंच न्हाई लिवलं. एस्टीत तहान लागल्यावर कोण हिशेब वाचत बसंल?"

दादा हसला. "आगं, मी पिणार हाय का? वळूच्या अंगाला लावायचंय."

तिने मूळ बाटली उचलून मी चाळलेला मजकूर मोठ्याने वाचला. दुसऱ्या भांड्यात काढून ठेवू नये. अन्नापासून, मुलांपासून, जनावरांपासून दूर ठेवावे.

"कंपनीवाले लिवतेतच की," दादा म्हणाला. "मागं म्हशीला लावलं व्हतं. काय झालं न्हाई."

"म्हशीला इचारलं व्हतं का, दादा?"

शेवटी तिने दादालाच गावच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावायला सांगितला, स्पीकर चालू ठेवून.

"लावा की," डॉक्टर म्हणाले, "आणि लगेच मला बोलवा. हे कातडीतून आत जातं, वर जनावर अंग चाटणारच. तोंडाला फेस येईल, अंग थरथरेल, दम लागेल. मी इंजेक्शन घेऊन निघेन, पण वेळेत पोचेन का, सांगत नाही. प्रदर्शनात मग फोटो न्यावा लागेल. गोचिडाचं औषध वेगळं असतं, उद्या चिठ्ठी न्या. आणि स्वतःचे हात सांभाळा, माणसालाही हेच होतं."

दादाने मळलेल्या तंबाखूकडे पाहिलं. थोड्या वेळापूर्वी ती बाटली त्याने हातात धरून हुंगली होती. तंबाखू कचऱ्यात गेली. साबणाने हात दोनदा धुतले तरी तो तळवे उन्हात धरून बघत होता.

"आता हात वाळत घातलेत का?" बायकोने विचारलं.

"चेष्टा करू नको, बाई. वळूला लावलं असतं ना मी."



हातमोजे घालून मी ते तीनशे मिली मूळ बाटलीत परत ओतलं आणि दादाचे पैसे त्याला दिले. लिंबाची बाटली तीनदा खळबळून ते पाणी औषधाच्याच बादलीत घेतलं आणि बाटलीला भोकं पाडली, कुणी पुन्हा वापरायला नको. लांब बाह्यांचा सदरा, तोंडाला मास्क, वारा पाठीशी; ढवळायला काठी. बादलीतल्या पाण्यात औषध पडून अगदी ताकासारखं पांढरं झालं, म्हणून चौकटीला मारून होईपर्यंत बायको बादलीशेजारून हलली नाही. दादा लांबून मला कोपरे दाखवत होता. मग मी आंघोळ केली आणि कपडे वेगळे धुतले.

दुसऱ्या दिवशी दादाने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गोचिडाचं औषध आणलं आणि त्यांनी सांगितलं तसंच लावलं. प्रदर्शनात वळूचा नंबर आला नाही. पण त्याचं अंग आरशासारखं होतं, असं दादा अजून सांगतो. औषधाचे दोनशे साठ रुपये दुकानात उधार होते. दादा द्यायला निघाला होता, पण कागदावर विष लिहायला विसरल्याचा दंड म्हणून ते मी भरावेत, असं बायकोने ठरवलं. मी फोनवरूनच देवणीच्या औषध दुकानदाराला पूर्ण दोनशे साठ पाठवले.