तेलाच्या थराचं गणित आणि एकच रजा

रजा एकच होती आणि गणित शिकवणारे आम्ही दोघं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी जुन्नरच्या ज्या कॉलेजात मी शिकवत होते, तिथं पीएच.डी.साठी भरपगारी रजा मिळायची, पण एका विभागातून एका वेळी एकालाच. मला ती हवी होती. मंचरला घर, सासू-सासरे, मुलं, सकाळची एसटी आणि दिवसभर फर्स्ट इयरचे तास. यातून संशोधनाला उरायची ती रविवारची दुपार, तीही पाहुणे आले नाहीत तर.

हवी त्यालाही होती. तो बेल्ह्याचा, माझ्यापेक्षा वयानं लहान आणि नोकरीत माझ्या मागून आलेला. आमचे पुण्याचे मार्गदर्शक एकच, म्हणून विषयही एकच: बेअरिंगमधल्या तेलाच्या पातळ थराचं गणित. फिरणारा दांडा आणि त्याच्याभोवतीचं बुश, म्हणजे धातूची नळी, यांच्यात अगदी बारीक फट असते आणि त्या फटीत तेल. दांडा फिरला की तेल रुंद बाजूकडून अरुंद बाजूकडे ओढलं जातं, तिथं त्याचा दाब वाढतो आणि त्या दाबावर सगळा भार तोलला जातो. धातूला धातू टेकत नाही. तो थर किती भार पेलेल, हे समीकरण मांडून काढायचं. माझ्या वाट्याला साधं तेल आलं होतं, त्याच्या वाट्याला वेगळं द्रव्य मिसळलेलं तेल. वाटणीतच मला डावललं गेलं असं माझं तेव्हाही मत होतं, आजही आहे.

त्याच्यावर मी जळायचे. शनिवारी पुण्याला जाणाऱ्या एसटीत तो नारायणगावला चढलेला असायचा. मंचरला मी चढेपर्यंत हा खिडकीशी पेंगत बसलेला आणि शेजारच्या सीटवर माझ्यासाठी रुमाल टाकलेला. त्या रुमालाचाही मला राग यायचा. माणसानं इतकं चांगलं वागावं की समोरच्याला धड चिडताही येऊ नये? स्टाफरूममध्ये मी कागदावर समीकरण लिहून समजावू लागले की प्राचार्यांना जांभया यायच्या. त्यानं एकदा विहिरीवरच्या मोटारीचं झिजलेलं बुश वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं आणि टेबलावर ठेवलं. "हे बगा सर, तेल आटलं की ही गत व्हती." झालं, सगळे त्याच्याभोवती. प्राचार्यांनी तर बुशावर पडलेल्या चऱ्यांवरून बोट फिरवून पाहिलं आणि चहा मागवला.

मार्गदर्शकांची एक रीत होती. प्रबंधाचं कुठलंही प्रकरण त्यांच्यापुढे ठेवण्याआधी दुसऱ्या विद्यार्थ्यानं ते ओळ न् ओळ तपासायचं आणि खाली सही करायची. रजेसाठी शिफारस कुणाची करायची, हे ते आमची पहिली प्रकरणं बघून ठरवणार होते. आम्ही कागदांची अदलाबदल केली.

माझे कागद त्यानं लगेच परत दिले. "लई नीट हाय मॅडम. बोट ठेवायला जागा न्हाई." खाली सही. यानं वाचलंच नसणार, असं मला वाटलं.

मी मात्र वाचलं. भाजी निवडताना वाचलं, कुकरच्या शिट्ट्या ऐकत वाचलं. मला चूक हवी होती. नवस तेवढा बोलले नाही.

आणि सापडली. एका इंटिग्रेशनमध्ये खालची मर्यादा शून्य होती आणि त्यानं ते पद सरळ गाळलं होतं. चूक कशी झाली हे मला चटकन कळलं, कारण अशी चूक आमच्यासारखा मास्तरच करू जाणे. फर्स्ट इयरला वर्षानुवर्षं आम्ही तीच ती गणितं सोडवून देतो, त्यात शून्य घातलं की पद जातं. हाताला वळण पडतं. पण इथं हायपरबोलिक कोसाइन होता, आणि त्यात शून्य घातलं की उत्तर शून्य येत नाही, एक येतं. मी एकटीच हसले. सासूबाई म्हणाल्या, "काय गं, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, लॉटरी लागली."

शनिवारी मार्गदर्शकांच्या खोलीत मी त्याचे कागद सही न करता टेबलावर ठेवले आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. आवाज शक्य तितका दुःखी काढला. मार्गदर्शकांनी चष्मा वर सारला. तो पुढे वाकला, बघितलं आणि ओरडला, "आयला! खरंच की!" त्याचा चेहरा पडेल म्हणून मी वाट बघत होते. तो खडू घेऊन फळ्याकडे गेला.

गाळलेलं पद परत घातल्यावर सगळं बदललं. आधी त्याचा निष्कर्ष असा होता की तेलात ते द्रव्य मिसळून फारसा फरक पडत नाही. आता फळ्यावर दिसत होतं की फरक पडतो, चांगला पडतो, थर पुष्कळ जास्त भार पेलतो. मार्गदर्शक खुर्चीवरून उठले. "हे छापण्यासारखं आहे," ते म्हणाले. मग त्यांना माझी आठवण झाली. माझे कागद चाळत ते म्हणाले, "तुमचं सगळं बरोबर आहे हं." काठावर पास झालेल्याला धीर द्यावा तशा सुरात. माझ्या कागदांत चूक नव्हती आणि नवंही काही नव्हतं.

रजा त्याला मिळाली. त्याचे तास माझ्या टाइमटेबलात आले. त्यानं स्टाफरूममध्ये पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं, "मॅडमनी चूक काढली म्हणून जमलं." मी पेढा कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या जूनमध्ये तो कॉलेजात आला, हातात जाडजूड पाकीट. दुसरं प्रकरण.

"तुमीच तपासा मॅडम."

"पुण्यात माणसं नाहीत का?" मी म्हटलं.

"हायेत की. पण ती माझ्या भल्याची हायेत, त्यांना चूक दिसत न्हाई." तो हसला. "आमच्याकडं बाजारात बैल घ्याचा असला ना, तर संगं वाकड्यातला माणूस नेत्यात. खोड त्यालाच दिसती."

म्हणजे मी त्याच्यावर जळते हे त्याला माहीत होतं. रुमाल टाकत होता तेव्हाही माहीत होतं. माझे कान तापले. पाकीट तसंच परत त्याच्या हातात कोंबावं असं वाटलं.

पण मग त्यानं ते दुसऱ्या कुणाला दिलं असतं. तेही मला बघवलं नसतं. मी पाकीट घेतलं आणि तासाला निघाले, त्याच्याच वर्गावर.