सहाशे शब्दांचं स्थळ

खुर्ची या वस्तूशी माझ्या नवऱ्याच्या आत्यांइतकं उघड वैर जगात दुसऱ्या कुणी धरलं असेल, असं मला वाटत नाही. लग्न होऊन मला पंचवीस वर्षं झाली, पण त्यांना कुणाच्याही घरी टेकलेलं मी पाहिलेलं नव्हतं. चारकोपहून आमच्या घाटकोपरच्या घरी त्या मेट्रो बदलून येतात. वाटेत एखादी कॉलेजची मुलगी उठून जागा द्यायला लागली, की 'तू बस गो, माका लवकर जावचा आसा' म्हणत दाराशी जाऊन उभ्या राहतात, जणू काही बसलेल्यांचा डबा मागाहून पोचणार आहे. आमच्याकडे आल्या की चहा ओट्याशी उभ्यानं. तोही दोन घोट, कारण तिसऱ्या घोटाच्या आत त्यांचा हात माझ्या मसाल्याच्या डब्यांकडे गेलेला असतो. 'हळद पुढे ठेव गं, रोज लागते,' असं म्हणत त्या सगळी फळी नव्यानं लावतात. त्या गेल्यावर चार दिवस मला काही सापडत नाही. पाचव्या दिवशी त्यांचीच मांडणी बरी होती हे लक्षात येतं, आणि मग जास्तच चीड येते. अंधेरीच्या एका कंपनीत त्या तीस वर्षं टायपिस्ट होत्या. बसायचा विषय काढला की म्हणतात, 'तीस वर्षं बसूनच होते. कोटा संपला माझा.'

पण त्यांचं खरं कर्तृत्व ऑफिसबाहेरचं. आमच्या घरातल्या, शेजारच्या आणि शेजाऱ्यांच्या गावाकडच्या मिळून किती मुलामुलींचे लग्नाचे बायोडेटा त्यांनी लिहिले असतील, ते त्यांनाही आठवत नाही. स्वतः लग्न केलं नाही, पण त्यांचा हात फिरल्याशिवाय आमच्यात कुणाचा कागद बाहेर पडत नसे. त्यांचं तत्त्व एकच: खोटं लिहायचं नाही आणि खरं सगळं सांगायचं नाही. एका भाच्याचे केस पंचविशीतच मागे हटायला लागले, तेव्हा त्यांनी 'भव्य कपाळ' असं लिहून टाकलं. एक पुतणी घरात दुसऱ्या कुणाला तोंड उघडू द्यायची नाही, ती 'स्पष्टवक्ती' झाली. माझ्या नवऱ्याचा कागदही त्यांचाच. 'मितभाषी, घराची ओढ असलेला' हे वाचून मी भाळले. लग्नानंतर कळलं, की रविवारी याला सोफ्यावरून उठवायला दोन माणसं लागतात आणि काहीही विचारलं तरी उत्तर म्हणून येत नाही. मी तक्रार घेऊन गेले तेव्हा आत्या माझाच फ्रिज पुसत होत्या. 'मग? त्यात खोटा शब्द कुठला होता, सांग ना!' म्हणाल्या.

गेल्या वर्षी आमच्या सानिकाला परदेशातल्या एका विद्यापीठात पर्यावरण अभियांत्रिकीसाठी अर्ज करायचा होता. जागा थोड्या, अर्ज ढीगभर. त्यात दुसऱ्या वर्षी रसायनशास्त्रात तिला केटी लागलेली, म्हणजे नापास होऊन तो पेपर पुन्हा द्यावा लागलेला. त्यामुळे नुसत्या मार्कांवर भागणार नव्हतं. सगळी भिस्त सहाशे शब्दांच्या एका निवेदनावर होती. मी कोण, हाच विषय मला का शिकायचाय आणि आजवर कुठे आपटले, हे स्वतःच्या शब्दांत लिहून द्यायचं. तीन आठवडे पोर त्या कागदाशी झटत होती. अकरा मसुदे झाले, नखं खाऊन संपली, आणि घरात भांडं आपटायचीही चोरी झाली. ती इकडून तिकडे फिरायची, तिच्यामागे मी फिरायची, आणि मितभाषी गृहस्थ सोफ्यावर पाय वर घेऊन आम्हाला वाट करून द्यायचे.

अशा वेळी एका शनिवारी आत्या आल्या आणि त्यांनी अकरावा मसुदा उभ्यानंच वाचायला घेतला. पहिलंच वाक्य होतं, लहानपणापासून मला पर्यावरणाची प्रचंड ओढ आहे. 'लहानपणापासून?' आत्या म्हणाल्या. 'लहानपणी तू चॉकलेटचे कागद माझ्या गादीखाली लपवायचीस. ठेव ते. मी लिहून आणते. स्थळ कुठलं म्हणालीस?'

'आत्याआजी, स्थळ काय! युनिव्हर्सिटी आहे ती.'

'मुलगी घर सोडून जाणार, तिथल्या माणसांना पसंत पडायला हवी, आणि आपण इथून माहितीचा कागद पाठवायचा. मग स्थळच की ते!'

पुढच्या शनिवारी त्या टाइप केलेला कागद घेऊन हजर. वर मधोमध श्री. खाली जन्मवेळ, उंची, वडिलांची नोकरी, मामाचं गाव आणि 'निर्व्यसनी'. केटीच्या जागी 'रसायनशास्त्राचा दोन वेळा सखोल अभ्यास'. शेवटी अपेक्षा: ग्रंथालय प्रशस्त असावे, माणसे समजूतदार असावीत. सानिका महिन्याभरात पहिल्यांदा हसली, खो खो हसली, आणि हसता हसता रडायलाच लागली. गुरुवारी दुपारी मुदत संपत होती आणि हातात पाच दिवस होते.

मग मी आत्यांना नीट समजावलं, की तिथे उंची नको, मामाही नको, त्यांना अपयश हवंय. आत्यांचा हात डब्यावरच थांबला. 'मुलीत काय कमी आहे, असं विचारतायत? आणि ते आपण लेखी द्यायचं? कसलं गं हे स्थळ!' डबा होता तिथे परत गेला. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. थोड्या वेळानं त्या सानिकाला म्हणाल्या, 'चपला घाल. चल खाली. बसून डोकं चालत नाही.'

सोसायटीच्या आवारात दोघी फेऱ्या घालायला लागल्या, आणि वर बसवेना म्हणून दहा पावलं मागे मीही. आत्या विचारत होत्या, 'का?' सानिका काही सांगायची, की पुन्हा 'का?' चौथ्या फेरीला पोरगी वैतागली आणि खरं बोलायला लागली. वारा फिरला की देवनारच्या कचरा डेपोचा वास आमच्यापर्यंत येतो आणि सगळी बिल्डिंग खिडक्या लावून घेते. हिच्या डोक्यात आलं, निदान आपला ओला कचरा तरी तिकडे जायला नको. म्हणून हिनं पंपाच्या खोलीमागे खताचं पिंप ठेवलं. ते नासलं. अळ्या झाल्या, वास सुटला, मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी हिला चारचौघांत झाडलं आणि पिंप उचलायला लावलं. त्याच महिन्यात केटी लागली.

'मग?' आत्या.

'मग राग आला ना! ते नासलं का, तेच कळत नव्हतं. केटीचा अभ्यास करताना कळलं, आत हवाच जात नव्हती. सुका पाला घालायला हवा होता. मग मी त्याच्या मागेच लागले, पुस्तकात नव्हतं तेही शोधलं.'

'हेच लिही की. खरा सांग त्यांका.'

'हे? वाट लागेल माझी, आत्याआजी. नापास झालेलीला कोण घेणार?'

यावर आत्या थांबल्या. पंपाच्या खोलीपाशी, चालता चालता, थांबल्या. 'मी तेवीस वर्षांची असताना दादांनी, तुझ्या आजोबांनी, माझा कागद केला,' त्या म्हणाल्या. 'सुस्वभावी, गृहकृत्यदक्ष, सगळं होतं. टाइप मीच केला. खाली एक ओळ माझ्या मनानं घातली, मुलगी लग्नानंतर नोकरी सोडणार नाही. त्या अख्ख्या कागदात खरं तेवढंच होतं.'

'मग?' आता सानिकानं विचारलं.

'मग काय! तिथपर्यंत वाचायचे आणि कागद परत यायचा. दादा म्हणाले, ओळ काढ. नाही काढली. पुढे लोकांचे कागद लिहायला लागले, पण त्यात असली ओळ कधी येऊ दिली नाही. झाली ना सगळ्यांची लग्नं!' एवढं बोलून त्या पुन्हा चालू लागल्या. पंचवीस वर्षं मी या बाईच्या 'मितभाषी'वर विनोद करत आले होते आणि हे मला ठाऊकच नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. फेरी संपताना त्या म्हणाल्या, 'पण यांनी ती ओळ आपणहून मागितलीये. मागितलीये तर देऊन बघ.'

निवेदन सानिकानंच लिहिलं. आत्या चार दिवस रोज चारकोपहून येऊन खुर्चीमागे उभ्या राहिल्या आणि मुलगी वाक्य वाचून दाखवेल तसं 'प्रचंड काढ', 'अत्यंत काढ', 'हे तुझं नाही, कुठून उचललंस?' एवढंच बोलल्या. शेवटी पहिलं वाक्य झालं, माझं खत नासलं. बुधवारी अर्ज गेला.

त्यानंतरचे दोन महिने आठवले तरी मला दम लागतो. रोज सकाळी फोन यायचा, 'स्थळाकडून काही कळलं?' एकदा आल्या आणि माझा पोटमाळा रिकामा करून बसल्या, म्हणजे उभ्याच होत्या. मी चिडून म्हटलं, 'आत्या, जरा टेका ना हो!' तर म्हणाल्या, 'बसलं की नको ते मनात येतं गं. माझं ऐकून पोरीचं वाटोळं झालं तर?' माझ्याही मनात तेच होतं. होकार आला त्या सकाळी फोन मी केला. 'बरं,' म्हणून त्यांनी ठेवून दिला. दहा मिनिटांनी त्यांचा आला, 'लेखी आलाय ना? तोंडी नको.'

सानिका गेली ती दुपारच्या विमानानं. तिचे बाबा तिला सोडायला गेले. आत्या विमानतळावर जायला तयार नव्हत्या, दारातूनच त्यांनी तिच्या तोंडावरून हात फिरवला. लिफ्ट खाली गेली. मी डोळे पुसत चहा टाकला आणि कप घेऊन बाहेर आले, तर आत्या सानिकाच्या अभ्यासाच्या खुर्चीत बसल्या होत्या. हात मांडीवर. मी कप त्यांच्या हातात दिला.

'तो कागद आहे तुझ्याकडे? वाच ना. इंग्रजीत नको, मराठीत सांग.'

मोबाइलवरून मी जमेल तसं सांगत गेले, नासलेल्या खतापासून शेवटपर्यंत.

'नापास झाली ते पण गेलंय ना त्यात?'

'तिसऱ्याच ओळीत आहे, आत्या. तुमच्यासमोरच लिहिलं की.'

'आणि तरी होकार आला.'

'आला की.'

त्यांनी चहाचा घोट घेतला. मग हळूच म्हणाल्या, 'म्हणजे माझी ओळ वाईट नव्हती गं.'

मी दुसरी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले. त्या दिवशी त्यांनी कप पुरता रिकामा केला आणि माझ्या मसाल्याच्या डब्यांना हात लावला नाही. संध्याकाळी त्या गेल्यावर मीच हळद पुढे आणून ठेवली.