मुलीकडच्या चाळीस जणी

लग्न वैशाखात करायचं हे ज्या कोणी ठरवलं, त्याला भर दुपारी शालू नेसवून पत्र्याच्या मांडवात तीन तास उभं करावं, असं माझं फार जुनं मत आहे. माझ्या चुलत, मामे, मावस अशा सगळ्या बहिणींची लग्नं मे महिन्यात झाली. एकीचं काजळ हनुवटीपर्यंत आलं. दुसरीच्या लग्नात पाहुण्यांनी पत्रिकांचेच पंखे केले आणि मंगलाष्टकांपेक्षा त्यांचाच आवाज मोठा झाला. तिसरीचा नवरा सप्तपदीच्या पाचव्या पावलाला घेरी येऊन खाली बसला. उरलेली दोन पावलं नक्की कोणी टाकली, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

म्हणून मी ठरवून टाकलं होतं की माझं लग्न शरदात होणार. दिवाळी संपलेली, आभाळ धुऊन ठेवल्यासारखं, पवनेचं पाणी नितळ, मावळात भाताची कापणी चाललेली. त्यातही पंचांग फारसं उदार नाही. आश्विनात लग्न नाही, कार्तिकात तुळशीचं लग्न लागेपर्यंत माणसाचं नाही, म्हणजे जेमतेम पंधरवडा हाती लागतो. मला तेवढा पुरेसा होता. मी एका शंभर पानी वहीत सगळं लिहून काढलं. दाराशी उसाची कमान. खांबांना भाताच्या लोंब्यांच्या पेंढ्या. झेंडू आणि शेवंतीशिवाय फूल नाही, प्लॅस्टिकचं तर मुळीच नाही. अत्तरदाणीऐवजी प्रत्येकाच्या हातावर आवळा. जेवायला नव्या तांदळाचा भात, पावट्याची उसळ आणि भोपळ्याचे घारगे. आईनं वही वाचली आणि विचारलं, "नवरा कुठल्या पानावर आहे?"

नवरा तेव्हा मिळायचा होता. मी सत्तावीस वर्षांची होते आणि भोसरीच्या एका कारखान्यात विजेच्या मीटरचे सुटे भाग जुळवत होते. साल सत्तरीच्या दशकाच्या शेवटाकडचं. आमच्या खात्यात चाळीस बायका सरकत्या पट्ट्याच्या दोन्ही अंगांना बसायच्या. त्यांच्यातल्या प्रत्येकीच्या घरचं लग्न, बारसं, डोहाळजेवण मी गाजवलं होतं. नाव घ्यायला अडलेल्या नवरीला कानात उखाणा सांगायचं काम माझ्याकडे कायमचं होतं. सगळ्यांत वडीलधाऱ्या आक्का. त्या मूळच्या तिथल्याच, गावातल्या. त्यांच्या शेतावर कारखाना उभा राहिला आणि आक्का त्याच जमिनीवर आता स्टुलावर बसून स्क्रू पिळायच्या. त्या रोज मला विचारायच्या, "कवा वाजायचं तुजं? आमी लुगडी काढून ठिवलीत."

इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळा तमाशा तिच्यावरून झाला. विजेच्या टंचाईपायी कारखान्यांच्या सुट्ट्या निरनिराळ्या वारांना वाटून दिल्या होत्या. भोसरी-पिंपरीच्या वाट्याला गुरुवार आला. सगळ्या जगाचा रविवार, आमचा गुरुवार. त्यात गुरुवार दत्ताचा, म्हणजे आठवड्यात एकच सुट्टी आणि त्या दिवशी घरात मटण नाही. हा अन्याय आम्ही गिळला होता. पण तो लग्नात आडवा येईल हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मला पाहायला जो मुलगा आला तो पुण्यात एका सरकारी कचेरीत कारकून होता. मान खाली, चष्मा, पोह्यातली मिरची बशीच्या कडेला काढून ठेवणारा. काही विचारायचं असेल तर विचार, असं त्याला तीनदा सांगितल्यावर तो म्हणाला, "तुम्हाला सुट्टी कधी असते?"

मी गुरुवार म्हटलं.

"मला रविवारी," तो म्हणाला, आणि मग त्याच्या तोंडून निसटलंच, "म्हणजे आपण भेटायचं कधी?"

सगळे हसले. मी मात्र त्या एका वाक्यावर होकार दिला.

याद्या करायची बैठक आमच्या चिंचवडच्या दोन खोल्यांत झाली. मुलाला वडील नव्हते, त्यामुळे कारभार मामांकडे. हे मामा म्हणजे खाकरले तरी ठराव संमत झाल्यासारखं वाटावं असे गृहस्थ. त्यांनी पंचांग उघडून तुळशीच्या लग्नानंतरचा पहिला रविवार काढला आणि शुभ आहे असं सांगून ते मिटूनही टाकलं. माझे वडील पिंपरीत टर्नर, त्यांनाही गुरुवारचीच सुट्टी. ते म्हणाले, बरोबर आहे तुमचं. मग मुलीकडच्या माणसांची यादी झाली. साताऱ्याकडचे काका आले, वडिलांच्या आतेभावाचे व्याही आले, ज्यांना मी जन्मात पाहिलं नव्हतं. सगळ्यात शेवटी वडिलांनी लिहिलं : मैत्रिणी, पाच.

मी चहा घेऊन दारात उभी होते. नवरी मुलीनं बैठकीत बोलायचं नसतं हे मला ठाऊक होतं. पण कप हातात असले की माणसाला बळ येतं.

"गुरुवारी ठेवा ना," मी म्हटलं.

मामांनी माझ्याकडे न बघता वडिलांना विचारलं, "गुरुवारी कोण येणार?"

"चाळीस जणी," मी म्हटलं.

"मुलीकडून तर पाच लिहिल्यात."

"ते मुलीकडचे झाले. या माझ्याकडच्या."

मामांनी गुरुवारी मुहूर्तच नाही म्हणून सांगितलं. मी आदल्या दिवशी आमच्या टाइम ऑफिसमधलं पंचांग पाहून आले होते. रविवारनंतरच्या गुरुवारी गोरज होता, तो मी तिथीसकट सांगितला. त्यावर मामा म्हणाले, संध्याकाळचं लग्न लागलं तर आमच्या मंडळींनी पुण्याला परत कसं जायचं? म्हणजे मुहूर्त नव्हता तो ग्रहांमुळे नव्हे, पुण्याच्या बसमुळे. मग त्यांच्या हाती माझी वही पडली. आईनंच कौतुकानं दिली होती, तिला काय माहीत. मामांनी उसाची कमान वाचली, लोंब्या वाचल्या, आवळे वाचले, आणि वही गुडघ्यावर आपटून म्हणाले, "लग्न आहे का भोंडला? अहो, ऊस आणि आवळे तुळशीच्या लग्नाला. माणसाच्या नव्हे." त्यांचा लायटिंगवाला ओळखीचा होता. कमान तो करणार होता, लाल-हिरव्या दिव्यांची, आणि तिच्यावर प्लॅस्टिकचे गुलाब.

सगळ्यांत जास्त राग आला तो मुलाचा. तो मामांच्या शेजारी बसून चहाकडे असा बघत होता, जणू त्यात लिहिलेलं काही वाचायचं राहून गेलंय.

दुसऱ्या दिवशी खात्यात सांगितलं. सगळ्या जणी साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणाले, रविवारी चाळीस जणी रजेवर गेल्या तर पट्टा बंद पडेल, पाच जणींना सोडतो. मग जेवणाच्या सुट्टीत डब्याच्या झाकणात चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या लग्नाला माणसं चिठ्ठ्या टाकून निवडली गेली, हे मी कधीही विसरणार नाही. ज्यांची चिठ्ठी निघाली त्या पाच जणी गुन्हा केल्यासारख्या तोंड पाडून बसल्या. आक्कांची निघाली नाही. त्या फक्त म्हणाल्या, "लुगडं परत पेटीत ठिवते. कसर लागाया नगं."

त्या रात्री मला झोप लागली नाही, पण ती दुःखामुळे नव्हे. मामांचं वाक्य डोक्यात फिरत होतं : ऊस आणि आवळे तुळशीच्या लग्नाला. पहाटे मी उठून दिनदर्शिका पाहिली. तुळशीचं लग्न द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत कधीही लावता येतं. माझ्या रविवारच्या आधीचा गुरुवार त्रयोदशीचा होता.

आमच्या वाडीत सहा बिऱ्हाडांना मिळून एकच अंगण आणि एकच तुळशीवृंदावन होतं. दर वर्षी घाईघाईनं तिचं लग्न लागायचं, पाच मिनिटांत, फटाक्यांच्या नादात. मी सगळ्या बिऱ्हाडांना सांगून टाकलं की यंदा तुळस माझ्याकडे. आई म्हणाली, तीन दिवसांवर लग्न आलेली मुलगी अंगणात चाळीस बायका जमवणार, लोक काय म्हणतील? मी म्हटलं, तुळशीचं लग्न लावणारीला पुण्य लागतं असं म्हणतील. ती घारगे करायला बसली.

आणि मग वहीतलं एकेक पान खरं होत गेलं. कामशेतला माहेर असलेल्या मैत्रिणीनं एसटीच्या टपावरून लोंब्यांच्या पेंढ्या आणल्या. झेंडू आणि शेवंतीच्या माळा अंगणात बसूनच ओवल्या. वृंदावन गेरूनं रंगवलं. संध्याकाळी वडील आले ते सायकलच्या दांडीला सहा ऊस बांधून. ऊस गल्लीपेक्षा लांब. त्यांना वळता येईना, शेवटी सायकल उचलून आणावी लागली. बैठकीत जे बोलले नव्हते ते त्यांनी उसानं भरून काढलं असं मी समजले. त्यांनी स्वतः कमान बांधली, आणि टर्नर माणूस असल्यामुळे ती ओळंब्यात, अगदी सरळ होती.

चाळीसच्या चाळीस आल्या. अंगणात मावेनात, पायरीवर बसल्या, पाण्याच्या टाकीवर बसल्या. एकीनं स्वतःच्या लग्नातला शालू नेसला होता. आक्का पेटीतलं लुगडं नेसून आल्या आणि आल्या आल्या कारभार हाती घेतला. तुळशीला नथ घातली, पाटावर बाळकृष्ण ठेवला, आणि म्हणाल्या, "नवऱ्याकडचं कोन हाय?"

सगळ्या मुलीकडच्याच. तेवढ्यात फाटकाशी चष्मा दिसला. हातात कचेरीची पिशवी आणि पेढ्यांचा पुडा.

"मी आहे," तो म्हणाला.

आक्कांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "किती जन?"

"एकटाच."

"बरं. मानपान आटोपशीर व्हईल."

त्याला पाटावर बसवून बाळकृष्ण मांडीवर दिला. पाय धुतले. हातावर एक आवळा ठेवून आक्कांनी विचारलं की काही राहिलं असेल तर आत्ताच बोला, मागाहून रुसायचं नाही. तो म्हणाला, सगळं पावलं. मी त्याच्या शेजारून जाताना दातओठ खात विचारलं की गुरुवारी कचेरी कशी सुटली. आईनं गुपचूप निरोप धाडल्यावर त्यानं रजेचा अर्ज दिला होता, कारण लिहिलं होतं : घरचं लग्न. हेडक्लार्कनं विचारलं, तुमचं तर रविवारी ना?

"मग?" मी म्हटलं.

"रविवारचं मामांचं आहे, म्हणालो."

माझा राग कमी झाला असं मी म्हणणार नाही. हेच बैठकीत बोलला असता तर सगळंच मिटलं असतं, आणि ते मी त्याला पुढं वीस वर्षं ऐकवलंय. पण त्या क्षणी मी त्याच्या हातावर दुसरा आवळा ठेवला, हेही खरं.

अंतरपाट धरायला दोघी उभ्या राहिल्या. अलीकडे तुळस आणि तिच्यामागे मी, पलीकडे बाळकृष्ण आणि त्याच्यामागे तो. असं उभं राहा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. मंगलाष्टकं आक्कांनी म्हटली, अर्धी पाठ होती तेवढी, अर्धी जागीच रचलेली. त्यात साहेब आले, पट्टा आला, आणि गुरुवारची सुट्टीही आली. अक्षता पडल्या त्या तुळशीवर कमी. मी केस सोडले तेव्हा मूठभर तांदूळ निघाला.

रविवारचं लग्नही यथासांग झालं. भर दुपारी उन्हात लाल-हिरवे दिवे लावले होते आणि लागलेत की नाहीत हे बघायला मामा कमानीखाली जाऊन वर मान करत होते. चिठ्ठीतल्या पाच जणी एका रांगेत बसल्या, आक्कांनी दिलेला आवळ्यांचा डबा मांडीवर धरून. आतेभावाचे व्याही आले, जेवले, आणि माझं नाव विचारून गेले.

आता ऐका, मला आजही कशाचा संताप येतो. मामा चारचौघांत सांगतात, आम्ही मुद्दाम कार्तिकात लग्न केलं, हवा किती छान असते, उगाच वैशाखात घामाघूम कशाला. दर वर्षी त्या रविवारच्या तारखेला ते पेढे घेऊन येतात. मी चहा देते आणि न चुकता सांगते, "मामा, तीन दिवस उशीर केलात."

मामांना ती माझी थट्टा वाटते, आणि ते मोठ्यानं हसतात. नवरा चहाकडे बघत बसतो. पण हल्ली कपाआड तोही हसत असतो.