फ्लेक्सवरचा फोटो

भोर-आंबवडे एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. रुंद खांदे, एक बोट मोडून वाकडं जुळलेलं. एका फाट्यावर गाडी थांबली, तर बाहेर तिचाच मोठा फ्लेक्स. रग्बीचा बॉल छातीशी धरून ती धावतेय आणि खाली 'गावाची शान'. मी कौतुकानं वळलो, तर तिनं ओढणी तोंडावर ओढून घेतली.

"सातजणींच्या रग्बीत लई पळाले मी," ती हळूच म्हणाली. "कडंला मोकळं रान, बॉल सारखा हातात यायचा. म्हणून पंधराजणींच्या संघानं पगारावर घेतलं. तिथं समदा खेळ मधल्या गर्दीत, कडंला नुसतं उभं ऱ्हायाचं. फायनलला एकदाच बॉल आला. ह्यो फोटो तवाचाच. पुढच्याच पावलाला हातनं सुटला आन् आमी हारलो. पुन्हा कुनी बोलावलं न्हाई."

"गावात माहीत आहे?"

"न्हाई. फोटोत बॉल हातातच हाय न्हवं."

एवढ्यात मागच्या सीटवरच्या आजींनी तिला ओळखलं. "पुढची म्याच कवा गं, बाय? समदे मिळून बघू."

"सांगते की, आजी," ती म्हणाली.

हरण्यापेक्षा हे कौतुकच तिला जड जात असावं. तिनं तिकीट पार शेवटच्या थांब्याचं काढलं होतं, तरी ती उठली आणि दाराशी जाऊन उभी राहिली.