शाईतली गोदी आणि आई

बाबा गेल्यावर मी आईला नेदरलँड्समध्ये, रॉटरडॅमजवळच्या कापेलला, आमच्याकडे घेऊन आले. ट्युलिप झाले, पवनचक्क्या झाल्या. ती सगळीकडे "छान आहे" म्हणायची आणि बाकावर बसून राहायची. बाबांचं नाव मात्र काढायची नाही. मग कळलं, रॉटरडॅमच्या एका छोट्या संग्रहालयात आधुनिक चिनी शाईचित्रं लागलीत आणि त्यांत नदीकाठच्या गोदीचं एक मोठं चित्र आहे. बाबांची सगळी नोकरी मुंबईच्या गोदीत गेलेली. आईला न्यावं की नको, ठरेना.

शेवटी एका धुक्याच्या सकाळी निघालो. कापेलहून मेट्रो सोपी पडते; बँकेचं कार्डच फाटकाला टेकवायचं. डबा न्या, इथलं गार सँडविच आपल्या आयांना चालत नाही.

चित्र भिंतभर होतं. क्रेन, धूर, एकमेकींना खेटलेल्या बोटी, फळीवरून ओझी नेणारी इवली माणसं.

"यात नदी कुठाय?" आईने विचारलं.

"कोरा कागद सोडलाय ना, तीच."

ती पुढे सरकली. "मी फक्त गेटपर्यंत गेलेय. यांचा डबा घरी राहिला होता, तो शिपायाने तिथेच घेतला."

"बाबा सांगायचे का गं तिथलं?"

"रोज. कुठलं जहाज लागलं, काय उतरवलं. माझ्या डोळ्यांपुढे काही यायचंच नाही."

तिथल्या रखवालदार बाईंनी न मागता एक घडीचं स्टूल आणून दिलं आणि सावकाश बघा, असं हातानेच सांगितलं. आई बसली आणि बोलू लागली. बाबांच्या शर्टाला कधी लवंगेचा वास यायचा, कधी गंधकाचा. मी शेजारी जमिनीवर बसून ऐकत राहिले. शाईतला धूर हळूहळू सरकतोय असं वाटत होतं.

बाहेर पडल्यावर ती म्हणाली, "आता पाण्यावरून जाऊ." मोठ्या पुलाखालून वॉटरबस सुटते. जाकीट घ्या आणि मागच्या डेकवर उभे राहा. धुक्यातून एकेक क्रेन वर यायची, पुन्हा विरघळायची. आईने तिथेच थालीपीठ खाल्लं, दोन्ही काठ बघत.

संध्याकाळी घरी मी चहा टाकला, तर आतून तिचा आवाज आला. फोनवर मावशी होती.

"अगं, यांची गोदी बघून आले आज," आई सांगत होती. "केवढं पाणी होतं."

चित्रातली ती नदी चीनमधली होती. मी दार अलगद लोटून घेतलं आणि तिला बोलू दिलं.