आज सकाळी भिंत होती

माझी बायको चांगुणा रोज सकाळी चहा झाला की भिंतीला हात लावून यायची. देवळात जातात तसं नाही. रात्री बांधलेली म्हैस जागेवर आहे का सुटली, ते बघायला जातात तसं. पाड्याच्या मागून खाडीकडे उतरणाऱ्या वाटेला लागायची आणि वाट जिथं भिंतीला टेकून मरते, तिथं जाऊन उजव्या हाताचा तळवा दाबून बघायची. रोजच्या हातानं तिथला चुना उडून एक काळपट ठिगळ झालं होतं. परत आली की मी विचारायचो, "काय, हाय का?"

"हाय. जाईल कुठं? कोर्टाला भ्याली नाय ती, मला भिनार?" असं म्हणून हात पदराला पुसायची आणि भाकऱ्या थापायला बसायची.

चांगुणा मोरा बंदरातल्या कोळ्यांची लेक. बापाची होडी होती. लग्न करून पनवेलला खाडीकाठच्या आमच्या पाड्यात आली. मी तळोज्याच्या कारखान्यात शिफ्टला. माझ्या पगारात घर चालायचं, पण ताटात जे पडायचं ते तिचं. ओहोटी लागली की पाड्यातल्या बाया त्या वाटेनं खाली उतरायच्या. गुडघाभर चिखल. त्यात बिळं करून राहणारे निवटे आणि चिंबोऱ्या त्या नुसत्या हातानं धरायच्या. चांगुणा कोपरापर्यंत हात घालायची आणि तोंड भलतीकडेच. मी एकदा म्हटलं, बघ तरी बिळात. तर म्हणाली, "डोल्यांना काय इचारता, बोटांना इचारा."

मग त्या वाटेवर कंटेनरचं यार्ड आलं आणि भिंत उठली. यार्डवाल्याचा माणूस म्हणाला, पुलाकडून वळसा घालून जा. वळसा घालून खाडीवर पोचेपर्यंत पाणी परत चढायला लागतं. ओहोटी काही बायांसाठी थांबत नाही. म्हणजे वाट गेली तर खाडीच गेली, हे सांगायला शाळा शिकावी लागत नाही. बायांनी एक वकीलबाई धरून पनवेलच्या कोर्टात दावा लावला. कागदावर नाव पडलं 'चांगुणा व इतर'.

दावा त्या जिंकल्या. वरच्या कोर्टातही जिंकल्या. वाट पिढ्यानपिढ्यांच्या वहिवाटीची आहे, अडथळा काढून टाका, असा स्वच्छ हुकूम. वकीलबाईंनी पेढे वाटले. चांगुणानं दुसऱ्या दिवशीच टोपली घासून उन्हात ठेवली. महिना गेला तरी भिंत तिथंच. तेव्हा वकीलबाई म्हणाल्या, "मावशी, आता दरखास्त लावावी लागेल. निकाल अमलात आणा, म्हणून कोर्टाला परत अर्ज."

चांगुणा म्हणाली, "म्हंजी पोरीचं लगीन लागलं, आनि आता तिला सासरी धाडायला परत बघायचा कार्येक्रम?"

वकीलबाई हसल्या, पण खाली बघून.

दरखास्त लागली. कोर्टाचा बेलीफ हुकूम घेऊन आला, भिंतीसमोर उभा राहिला आणि पोलीस आले नाहीत म्हणून परत गेला. एकदा गणपतीचा बंदोबस्त होता, एकदा निवडणूक होती, एकदा कुठला मंत्री येणार होता. माणूस वाईट नव्हता. आमच्या ओट्यावर चहा प्यायचा. म्हणायचा, "मावशी, माझ्या हातात कागद आहे, पहार नाही." ही म्हणाली, "पहार आमी देतो, तुमी हात द्या." तो उठून गेला. दुसऱ्या सकाळपासून हिचं ते भिंतीला हात लावणं सुरू झालं.

वर्षं सरली, तशा 'इतर' हळूहळू खांदा कॉलनीत धुणीभांडी करायला लागल्या. त्यांना नावं कोण ठेवणार? पोरं शाळेत होती. राहिली चांगुणा.

यार्डाचा वॉचमन भय्या होता, गरीब माणूस. त्याला हिची दया यायची. भिंतीच्या कडेला एक छोटं लोखंडी दार होतं. तो म्हणाला, "माई, साहब लोग नहीं हैं. जल्दी जाके आ जाओ, मैं खोल देता हूँ." हिनं त्याच्या हातावर घरची सुकट ठेवली आणि म्हणाली, "बाबा, तू उघडशील ती तुजी माया हाय. माजी वाट नाय."

मी तापलो. म्हटलं, "अगं शहाणे, खाडी हवी ना तुला? दार उघडतोय ना तो? मग?"

"आज त्याच्या मायेनं जाईन. उद्या दुसरा वॉचमन आला तर?" मग म्हणाली, "चोरून आपल्याच घरात कोन शिरतं का?" त्या दिवशी मी तिच्याशी बोललो नाही. ती खाडीवर गेली नाहीच.

शेवटी वकीलबाईंनी मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करायचं काढलं. कोर्टानं दिलेला न्याय सरकारी माणसं पोचवत नाहीत, तर तो माणसाच्या हक्काचाच भंग आहे, असं त्यांचं म्हणणं. पण त्यांनी आधीच सांगितलं, आयोग जुनी घटना घेत नाही, वर्षाच्या आतली लागते.

आयोगानं बोलावलं त्या दिवशी चांगुणानं हट्ट धरला, मुंबईला माहेरच्या वाटेनंच जायचं. मोऱ्याला गेलो, लाँच धरली. धक्क्यावर तिनं वडापाव डाव्या हातानं खाल्ला. मी म्हटलं, "हात धू ना, पानी हाय की इथं." तिनं नको म्हणून मान हलवली. म्हातारपणी माणूस विचित्र होतं असं मला वाटलं.

आयोगाचे साहेब शांत होते. कागद वाचून म्हणाले, "आजी, भिंत तर फार जुनी आहे. आम्हाला एक वर्षाच्या आतलीच घटना घेता येते."

चांगुणानं उजवा हात टेबलावर उताणा ठेवला. रेषांमध्ये भिंतीचा चुना होता.

"साहेब, आज सकाली भिंत होती. मी हात लावून आले. आजची घटना हाय. उद्या पन होनार हाय, तवा परत येऊ का?"

साहेबांनी वाकून तो हात बघितला. मग कारकुनाला म्हणाले, "नोंदवून घ्या."

येताना लाँचवर तिनं बाटलीतलं पाणी घेऊन हात धुतला. चुना समुद्रात गेला. एवढी खूश मी तिला टोपली भरून आल्यावरच बघितली होती.

आयोगानं नोटिसा काढल्या. 'कार्यवाही सुरू आहे' अशी उत्तरं आली. मग आयोगानं पोलीस बंदोबस्त देण्याची शिफारस केली. वकीलबाईंनी समजावलं, शिफारस म्हणजे नुसती सूचना, पाळलीच पाहिजे असं नाही. चांगुणा म्हणाली, "कोर्टाचा होता हुकूम. त्याची झाली शिफारस. आता पुढं काय, देवाला गाऱ्हानं घालनार?" हसली, पण पोटाला हात धरून. पोटात गाठ निघाली होती.

अंथरुणाला खिळली तेव्हा एक दिवस म्हणाली, निवट्याचं कालवण खावंसं वाटतं. मी टोपली घेतली. वॉचमननं मला बघून दाराची कडी काढली. मी बराच वेळ उभा राहिलो. मग पुलाकडून वळसा घालून गेलो. पोचलो तर पाणी काठोकाठ. रिकामा परत आलो. ती हसता हसता खोकली. "कोलिनीशी जलमभर संसार केलात, आनि भरती कलंना तुमाला?" मी बाजारातून निवटे आणले. एक घास खाऊन ताट सरकवलं. "आपल्या खाडीचा नाय ह्यो." मग हळूच विचारलं, "दारातून नाय ना गेलात?"

"नाय."

"बरं झालं." त्यानंतर तिनं काही मागितलं नाही. त्याच आठवड्यात गेली.

तेराव्यानंतर वकीलबाई आल्या. म्हणाल्या, "बाबा, मावशींच्या जागी वारस म्हणून तुमचं नाव लावावं लागेल, नाहीतर सगळं बंद पडेल." मी सही केली. लोकांना वाटतं वारसाला घर मिळतं, डागदागिने मिळतात. मला भिंत मिळाली.

आयोगाकडे परत तारीख आहे. दिवाळीत यार्डवाल्यांनी भिंतीला नवा चुना मारला. तिच्या हाताचं काळपट ठिगळ त्याखाली गेलं. मी कितीतरी वेळ चाचपत होतो. वॉचमन बघत होता. तोच जवळ आला आणि बोट ठेवून म्हणाला, "बाबा, यहाँ."

ती बुटकी होती. मी उंच. सरळ उभं राहून लावला तर माझा हात तिच्या जागेच्या वर पडतो, म्हणून वाकून लावतो. कंबर दुखते. दुखू दे.

आज सकाळीही लावला. भिंत होती.